भेग उघडी राहिली पाहिजे

२०१९ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. चुलत्यांच्या वर्षश्राद्धासाठी माण तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. आदल्या वर्षी पावसाने दगा दिलेला. आडाचा तळ उघडा पडलेला, आणि चावडीपुढे टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींची रांग माणसांच्या रांगेपेक्षा लांब. अशात एका सकाळी मारुतीच्या देवळाजवळ एक अवजड गाडी येऊन उभी राहिली. गाडीवर इंजिन, पंप, जाड नळ्या आणि दाब दाखवणारे एक मोठे काट्याचे घड्याळ. गावातल्या हातपंपांच्या दोन बोअर आटत आल्या होत्या, त्यांचे ‘जलभंजन’ करायला ही गाडी आली होती. माणसांनी हातपंप उपसून बाजूला ठेवला, नळीला रबराचा फुगणारा बूच लावून ती बोअरमध्ये सोडली, आणि मग जे सुरू झाले ते पाहून सगळ्या गावाचा जीव वरखाली झाला. ज्या टँकरची गाव दोन दिवस वाट पाहत होते, तसल्याच एका टँकरमधले पाणी त्या कोरड्या भोकात ढकलायला सुरुवात झाली!

“आरं, प्यायाला न्हाई आन् हितं भोकात वतताय व्हय?” एक म्हातारी ओरडली. गाडीवरचा पोरगा बिचारा कानकोंडा झाला. तेव्हा आमची आक्का, माझी थोरली चुलतबहीण, माझ्याकडे वळली. मी तेलाच्या विहिरींवर बत्तीस वर्षे काढली, हे गावात सगळ्यांना ठाऊक. “तू येवढा इंजिनेर. पाणी आत ढकलून पाणी वर कसं येणार, सांग की ह्या बायांना.”

मी सांगू लागलो आणि पाचव्या वाक्याला अडखळलो. ज्या कामात उभी हयात गेली, ते आपल्याच माणसांना आपल्याच भाषेत सांगता येईना. पुढे गाडीच्या आवाजात ते राहूनच गेले. ते राहिलेले उत्तर आज लिहितो आहे. थोडे लांबेल, रविवार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सुरुवात एका गैरसमजापासून करू. ‘तेलाची विहीर’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जमिनीखालचा तेलाचा तलाव येतो. तसा तलाव कुठेच नसतो. तेल असते ते दगडात, पावसात भिजलेल्या विटेत पाणी असते तसे. वीट हातात घेतली तर कोरडीठाक वाटते, पण वजन केले तर कळते की तिने पाणी पोटात ठेवले आहे. आता त्या विटेला सुईने भोक पाडून पाणी काढायचे असेल, तर ते कणाकणांमधल्या फटींतून झिरपत भोकापर्यंत यायला हवे. दगड सच्छिद्र, मोकळा असेल तर येते. घट्ट असेल तर तेल आत असूनही विहीर उपाशी राहते. मग करायचे काय? त्या भोकापासून विटेत दूरवर एक भेग पाडायची. भेगेच्या दोन्ही अंगांनी तेल तिच्यात झिरपते आणि भेगेतून धावत विहिरीत येते. खेड्यातल्या पायवाटांना मध्येच डांबरी रस्ता मिळावा, तसे.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६२ च्या डिसेंबरात, फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत एडवर्ड रॉबर्ट्स नावाच्या अधिकाऱ्याने तोफगोळे कालव्यात पडून फुटताना पाहिले. पाण्यामुळे स्फोटाचा जोर उधळून न जाता एका दिशेने कोंडला जातो, हे त्याने टिपले. १८६५ मध्ये पेनसिल्व्हेनियात त्याने तेलाच्या विहिरीत दारूचे नळकांडे सोडले, वर पाणी भरले आणि उडवून दिले. तेल वाढले. पुढे दारूच्या जागी नायट्रोग्लिसरीन आले. त्यात किती विहिरी सुधारल्या आणि किती माणसे उडाली, ती कथा वेगळीच.

दुसरा मार्ग ॲसिडचा, आणि तो समजायला आपले मोरीघर पुरेसे आहे. मोरी धुण्याचे ॲसिड शहाबादी फरशीवर सांडले की ‘फस्स’ होऊन फेस येतो आणि फरशीला कायमचा खड्डा पडतो. हा अनुभव अनेक गृहिणींनी घेतला असेल आणि त्याबद्दल नवऱ्याला बोलूनही घेतले असेल. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये तो विरघळतो. जगातले फार मोठे तेलसाठे चुनखडीतच आहेत. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने शोधलेल्या आपल्या मुंबई हायचा मुख्य साठाही चुनखडीतलाच. तेव्हा विहिरीत ॲसिड सोडून दगडातल्या वाटा रुंद करायच्या, असे पेटंट हर्मन फ्राश या रसायनशास्त्रज्ञाने १८९६ मध्येच घेतले होते. पण ॲसिड जसे चुनखडी खाते तसे लोखंडी नळही खाते. ही अडचण मिशिगन राज्यात १९३२ च्या फेब्रुवारीत सुटली. डाऊ कंपनीच्या माणसांनी ॲसिडमध्ये अर्सेनिकचे संयुग मिसळले, त्यामुळे लोखंड बरेचसे वाचले आणि दगड तेवढा विरघळला. पाचशे गॅलन ॲसिडच्या त्या प्रयोगातून एक धंदाच उभा राहिला.

ॲसिड घालता घालता एक गोष्ट लोकांच्या ध्यानात आली. पंपाचा दाब एका मर्यादेपलीकडे गेला की दगड एकाएकी जास्त ॲसिड पिऊ लागतो. जणू आत कुठेतरी दार उघडते. ते दार म्हणजे भेग होती. मग ॲसिड कशाला, नुसता द्रवच दाबाने घालून भेग का पाडू नये? स्टॅनोलिंड या कंपनीच्या फ्लॉइड फॅरिसने या प्रश्नाचा पिच्छा पुरवला आणि १९४७ मध्ये कॅन्ससमधल्या ह्यूगटन वायुक्षेत्रात क्लेपर नंबर एक या विहिरीत पहिला प्रयोग झाला. द्रव कोणता? नापामने दाट केलेले पेट्रोल! नुकत्याच संपलेल्या महायुद्धातला आगीचा माल शांततेच्या कामाला लावला होता म्हणायचा. आणि निकाल? विहिरीचे उत्पन्न फारसे वाढलेच नाही. तरी माणसे हटली नाहीत. १७ मार्च १९४९ रोजी हॅलिबर्टन कंपनीने ओक्लाहोमा आणि टेक्सासमध्ये एकाच दिवशी दोन विहिरींवर हे काम धंदा म्हणून केले. ‘हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग’चा जन्मदिवस म्हणून आमच्या व्यवसायात तीच तारीख सांगतात.

इथवर ऐकले की कुणालाही वाटेल, झाले की काम! खडक फुटला, तेल आले. पण खरे म्हणजे खडक फोडणे हा या विद्येतला सोपा भाग आहे. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या दोनशे-तीनशे पट दाब देणारे पंप गाडीवर चढवले की खडक फुटतो. अवघड आहे ते पुढचे. दोन किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचे ओझे चौरस सेंटीमीटरला साडेचारशे-पाचशे किलो असते. नखाएवढ्या जागेवर एक धष्टपुष्ट म्हैस उभी आहे, अशी कल्पना करा. बाजूंनीही खडक आवळत असतो. पंप बंद झाला, द्रव निचरला की ही भेग, जिची रुंदी जेमतेम दोन-चार मिलिमीटर आणि लांबी शंभर-दोनशे मीटर, ती परत मिटते. दार लावल्यासारखी. मागे काही उरत नाही, फक्त खर्चाचे बिल उरते. गेल्या पाऊणशे वर्षांचे या विषयातले बहुतेक संशोधन त्या एका प्रश्नाभोवती फिरले आहे: भेग मिटू कशी द्यायची नाही?

वालुकाश्मात उत्तर सापडले ते वाळूचे. द्रवाबरोबर वाळू आत पाठवायची. द्रव निघून जातो, वाळू भेगेत अडकून राहते आणि पाचरीसारखी ती उघडी धरते. कणांच्या मधून तेल वाहते. पण कुठलीही वाळू चालत नाही. दाणे गोल हवेत, एकसारखे हवेत, दाबाखाली त्यांचा चुरा होता कामा नये. खोल विहिरीत वाळू पिचते. म्हणून काचेच्या गोळ्या झाल्या, ॲल्युमिनियमचे दाणे झाले. एके काळी अक्रोडाची टरफले दळूनसुद्धा घातली गेली आहेत! सत्तरच्या दशकाच्या शेवटी बॉक्साइट भाजून केलेले दाणे आले, ते आजही खोल विहिरींत वापरतात.

चुनखडीत मात्र वाळूवाचूनही भागते, आणि मला विचाराल तर तिथली गंमत अधिक. भेग पाडतानाच ॲसिड वापरायचे. ते भेगेच्या दोन्ही भिंती कुरतडत जाते. कुरतडते वेडेवाकडे, कारण दगडाचा कण न् कण सारखा नसतो. कप फुटला तर त्याचे दोन तुकडे बेमालूम जुळतात. पण त्या कडा उंदराने कुरतडल्या असतील तर? मध्ये फटी राहणारच. त्या फटी म्हणजे तेलाची वाट. आमच्या प्रयोगशाळेत चुनखडीच्या दोन चपट्या फरश्या समोरासमोर, मधे काही मिलिमीटर जागा सोडून धरायच्या, त्यांमधून गरम ॲसिड वाहू द्यायचे, मग त्या एकमेकींवर दाबायच्या आणि दाब वाढवत जाऊन मधून किती द्रव जातो ते मोजायचे, हे काम मी वर्षानुवर्षे केले. नवशिक्याला वाटते, जितके ॲसिड जास्त तितकी वाट मोठी. तसे होत नाही. ॲसिड जास्त झाले की ज्या उंचवट्यांनी भेग तोलून धरायची तेच मऊ पडतात आणि दाबाखाली बसतात. सगळीकडे सारखे खाल्ले गेले तर भिंती गुळगुळीत होऊन परत जुळतात. आणि सर्वांत मोठी तक्रार ही की ॲसिड फार उतावळे. विहिरीच्या तोंडाशीच दगडाला भिडते आणि दहा-वीस मीटरवर त्याची सगळी धग संपते. म्हणून त्याला दाट करायचे, किंवा डिझेलमध्ये त्याचे थेंब घुसळून त्यांना तेलाचे कवच द्यायचे, म्हणजे ते दूरवर पोचेपर्यंत शाबूत राहते. ॲसिडला धीर धरायला शिकवणे, असे आम्ही गमतीने म्हणत असू.

आता वाळू शंभर मीटर आत न्यायची तर साधे पाणी उपयोगाचे नाही, त्यात ती बुडाशी बसते. पाणी दाट हवे, खिरीसारखे. आणि इथे आपल्या स्वयंपाकघरातली एक ओळखीची बाई या गोष्टीत येते: गवार. दाण्याचे कूट घालून जिची भाजी करतात तीच. तिच्या बियांच्या पोटातल्या डाळीचे पीठ म्हणजे गवार गम. हजार भाग पाण्याला चार-पाच भाग पुरतात आणि पाणी दाट होते. (आइसक्रीमवाल्यांनाही ते ठाऊक आहे.) त्यात सोहागा आणि थोडा क्षार घातला की चमत्कार होतो. दाट पाण्याचा एकदम लवचिक गोळा बनतो, काचपात्रातून ओढला तर लोंबत येतो आणि परत आत जातो. कॅरमवर टाकायची बोरिक पावडर आणि सोहागा ही एकाच बोरॉनची लेकरे. प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या शाळकरी मुलांना मी हा गोळा करून दाखवी, तेव्हा त्यांना तेलापेक्षा त्याचेच आकर्षण अधिक असे.

हा गोळा वाळू अलगद तोलून नेतो. पण काम झाल्यावर त्याने परत पाणी व्हायला हवे, नाहीतर ज्या वाटेसाठी एवढा खटाटोप त्याच वाटेत तो बसून राहील. म्हणून त्याला तोडणारे रसायन आधीच मिसळलेले असते. आणि इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी आक्काला सांगितली नाही.

१९८७ साल. गुजरातमधले एक तेलक्षेत्र. मी एकोणतीस वर्षांचा, प्रयोगशाळेतून पहिल्यांदाच एका कामाची पूर्ण जबाबदारी घेऊन आलेला. विहीर थोडेफार तेल देत होती, ते वाढवायचे होते. गोळा तोडायला अमोनियम परसल्फेट ठरवले होते. ते रसायन पन्नास अंशांच्या वर नीट काम करते, थंडीत झोपून राहते. फायलीत तापमान ऐंशी अंश लिहिले होते, मी ऐंशीवर चाचण्या घेतल्या, सगळे उत्तम. प्रत्यक्ष काम झकास झाले. पंपांचा आवाज, दाबाचा काटा चढत चढत थरथरला आणि खाली आला, म्हणजे खडक फुटला; वाळू शेवटच्या पोत्यापर्यंत गेली. रात्री तंबूत आम्ही पेढे खाल्ले. दुसऱ्या दिवशी विहीर उघडली. पाणी नाही, तेल नाही. बऱ्याच वेळाने नळाच्या तोंडातून जे बाहेर आले, ते मी बोटांनी उचलून पाहिले. घालताना होता तसाच गोळा. लवचिक, चकचकीत, जसाच्या तसा.

ऐंशी अंशांचा आकडा शेजारच्या अधिक खोल विहिरीचा होता. आमच्या थराचे तापमान पंचेचाळीसच्या आसपास निघाले. साहेब रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “तापमान मोजलं कुणी होतं?” मी गप्प. ती विहीर पुढे दोनदा धुऊन पाहिली, पण पूर्वी जेवढे देत होती तेवढेही तिने पुन्हा दिले नाही. घट्ट गवारीचा गाळ वाळूत बसला तो बसलाच. पुढच्या काळात थंड विहिरींसाठी गवार पचवणारी विकरे आली, रसायनाच्या कणांना कवच घालून ती उशिरा फुटतील अशी सोय झाली, गवारीतला गाळ कमी करण्यावर जगभर संशोधन झाले. त्यातले थोडे मीही केले. आजही कुठल्या कागदावर तापमान दिसले की ते कुणी, कधी आणि कुठल्या थरात मोजले, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरात ताप मोजला तरी थर्मामीटर दोनदा पाहतो, असे बायको म्हणते.

भेग पाडता येते, उघडीही ठेवता येते. पण ती जाते कुठे? पूर्वी पुष्कळांना वाटे, ती आडवी पडते, वरचा खडक पोळीच्या पापुद्र्यासारखा उचलते. १९५७ मध्ये हबर्ट आणि विलिस या दोघांनी याचे उत्तर जवळजवळ स्वयंपाकघरातल्या साहित्याने दिले. लवचिक प्लास्टिकच्या भांड्यात जिलेटीनची जेली लावली (आपण चायना ग्रास लावतो तशी), मधे विहीर म्हणून नळी ठेवली, भांडे एका बाजूने आवळले आणि नळीतून प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ लगदा दाबाने आत सोडला. प्लास्टर घट्ट झाल्यावर जेली काढून टाकली, तर भेगेचा साचाच हातात आला. भेग नेहमी जिथे दाब सर्वांत कमी त्या बाजूला उघडत होती. खोल खडकात वरचे ओझे सर्वांत मोठे असते, म्हणून भेग बहुधा उभी. ही गोष्ट कळल्यावर गणित शक्य झाले. पुढच्या वीस वर्षांत भेगेची लांबी, रुंदी, उंची आधी मांडण्याची सूत्रे निघाली. आणि उलटेही जमले: भेग कुठल्या दाबाला उघडते आणि मिटते ते पाहून खडकावरचा ताण मोजता येतो.

एवढी सुबक विद्या हाताशी असताना माणसाला अणुबाँबचा मोह व्हावा, याला काय म्हणावे? १० डिसेंबर १९६७ रोजी न्यू मेक्सिकोत, जमिनीखाली सुमारे तेराशे मीटरवर, वायूचा घट्ट खडक फोडण्यासाठी हिरोशिमाच्या जवळपास दुप्पट ताकदीचा अणुस्फोट केला गेला. वायू वाढला, पण तो किरणोत्सारी निघाला. विकणार कुणाला? असे आणखी दोन प्रयोग करून १९७३ नंतर तो नाद सुटला. तारखांचा योगायोग असा की लगेचच्या पहाटे, ११ डिसेंबरला, आपल्याकडे कोयनेचा भूकंप झाला. दोहोंचा काडीचाही संबंध नाही. पण कोयनेचा या विषयाशी मात्र संबंध आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या वाचकांनी समजून घ्यावा असा आहे.

धरणात पाणी साठले की ते खालच्या खडकातल्या जुन्या भ्रंशांत मुरते, तिथला दाब वाढवते आणि आधीच ताणलेला भ्रंश सरकायला निमित्त मिळते. कोयनेबाबत शास्त्रज्ञ हे कारण मांडत आले आहेत. तिथल्या खडकाची परीक्षा करण्यासाठी गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ पासून एका खोल विहिरीत सांडपाणी कोंबले तेव्हाही असेच धक्के सुरू झाले होते. म्हणून ‘फ्रॅकिंगने भूकंप होतो का हो?’ असे सोसायटीतले कुणी विचारतात तेव्हा मी ‘नाही’ म्हणत नाही. भेग पाडताना होणारे धक्के बहुतेक इतके बारीक असतात की यंत्रांनाच कळावेत. पण इंग्लंडमध्ये लँकेशायरमधल्या एका विहिरीपाशी ऑगस्ट २०१९ मध्ये २.९ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्याच नोव्हेंबरात सरकारने इंग्लंडमध्ये हे काम थांबवले. ओक्लाहोमात २०१६ च्या सप्टेंबरात ५.८ तीव्रतेचा धक्का बसला, त्याचे कारण मुख्यतः तेलाबरोबर येणारे खारे पाणी खोल विहिरींत परत कोंबणे हे होते. या दोहोंतला फरक सांगणे माझे कर्तव्य. पण ज्याच्या घराची भिंत तडकली त्याला तो फरक ऐकण्यात रस नसतो, हेही मला कळते.

टेक्सासात जॉर्ज मिचेल नावाचा एक हट्टी माणूस होऊन गेला. बार्नेट शेल नावाच्या खडकात वायू आहे आणि तो काढायचाच, या ध्यासाने १९८१ पासून तो विहिरी खणत राहिला. शेल म्हणजे पाटीसारखा घट्ट खडक. भारी भारी गोळे घालूनही खर्च निघेना. सतरा वर्षांनी, १९९८ च्या सुमारास, त्याच्या एका तरुण अभियंत्याने खर्च वाचवायला दाट द्रव सोडून जवळजवळ साधे पाणी, घर्षण कमी करणारी चिमूटभर रसायने आणि अगदी थोडी वाळू असा उलटा प्रयोग केला, आणि विहीर कधी नव्हे इतकी चालली. त्या खडकात एका रुंद भेगेपेक्षा बारीक बारीक हजार भेगा हव्या होत्या. आम्ही आयुष्यभर द्रव दाट करत बसलो, आणि क्रांती झाली ती पाणचट द्रवाने! बातमी वाचली तेव्हा आनंदाबरोबर थोडी असूयाही वाटली, खोटे का बोलू?

या क्रांतीची लाट राजस्थानच्या वाळवंटापर्यंत कशी पोचली पाहा. जगातली बहुतांश गवार भारतात पिकते, मुख्यतः राजस्थान आणि हरियाणात. शेलमधून वायूऐवजी तेल काढायला सुरुवात झाल्यावर अमेरिकेत दाट द्रवाची मागणी पुन्हा भडकली आणि २०१२ च्या सुरुवातीला क्विंटलला काही हजारांत मिळणारी गवारबी तीस हजारांच्या घरात गेली. मार्च २०१२ मध्ये वायदेबाजारातले गवारीचे व्यवहारच थांबवावे लागले. ते पुढच्या वर्षी मेमध्ये सुरू झाले. त्या वर्षी कोरडवाहू शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेतला, घर बांधले. पुढच्या हंगामात ज्याने त्याने गवारच पेरली. तोवर परदेशी कंपन्यांनी साठे करून ठेवले, पर्याय शोधले, पाणचट द्रवाकडे वळल्या, भाव कोसळले. आपल्या शेतातल्या शेंगेचे पीठ सात समुद्रांपलीकडे कुठल्या दगडात जाते, हे किती जणांना कुणी समजावून सांगितले असेल?

आणि शेवटी पाणी. शेलच्या एका विहिरीला कोटी-दोन कोटी लिटर, हल्ली त्याहून जास्त पाणी लागते. हे आकडे मी पूर्वी सहज वाचत असे. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर, नंतर फेरीला पंचवीस लाख. म्हणजे एका विहिरीचे दीड कोटी लिटर म्हणजे अशा सहा गाड्या. भारतात जानेवारी २०११ मध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूर येथे ओएनजीसीच्या विहिरीत शेलमधून वायू आला तेव्हा आम्ही सगळे हरखलो होतो. पुढे त्याचे मोठे पीक काही आले नाही. त्याला कारणे अनेक. पण या देशात पाण्याचा हिशेब आधी मांडल्याशिवाय हे काम कुणी रेटू नये, असे माझे मत लातूरच्या त्या गाडीने पक्के केले.

तर आमच्या गावातली ती गाडी. विद्या तीच, फक्त आकार लहान. वाळू नाही, ॲसिड नाही, गवार नाही. नुसते पाणी, तेही काही हजार लिटर. आपल्या काळ्या बेसाल्ट खडकात पाणी राहते ते सांध्यांत आणि चिरांत. वर्षानुवर्षांच्या मातीने त्या चिरा बुजतात, किंवा बोअरपासून हातभर अंतरावरून निघून जातात. रबरी बुचाने बोअर बंद करून खाली पाण्याचा दाब दिला की त्या चिरा धुतल्या जातात, कधी नवी चीर जुनीला जाऊन मिळते. खोली साठ-सत्तर मीटरच, वरचे ओझे कमी. कठीण खडकाच्या खडबडीत कडा सरकल्या की परत जुळत नाहीत. म्हणून इथे वाळूवाचून भागते. राज्याची भूजल यंत्रणा हे काम गावोगाव करत आली आहे.

एवढे जरी मला त्या सकाळी सांगता आले असते!

पहिल्या बोअरला यश आले नाही. काटा चढला, तिथेच अडला, पाणी आत गेलेच नाही. दुसऱ्यांदा बूच खाली सरकवून पाहिले, तेच. आजूबाजूला चीरच नसेल तर जोडायचे काय? ती म्हातारी काही बोलली नाही, हे तिच्या ओरडण्यापेक्षा वाईट होते. टँकरमध्ये आता निम्मे पाणी उरले होते आणि ते दुसऱ्या बोअरमध्ये घालायचे की घागरींत, यावर चावडीपुढे चांगलीच बाचाबाची झाली. सरपंचबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मला विचारण्याआधीच मी गाडीवरच्या पोराला विचारले, “ह्या बोअरची नोंद आहे? पाणी किती फुटावर लागलं होतं, कुणी लिहून ठेवलंय?” त्याच्याकडे कागद होता, पण तो पहिल्या बोअरचा निघाला. दुसरीचे आक्काच्या नवऱ्याने सांगितले. बोअर मारताना ते स्वतः तिथे उभे होते आणि शंभर फुटांवर लाल मुरूम आला होता, हे त्यांना पक्के आठवत होते. बूच त्याच्या थोडे वर बसवले.

सरपंचबाईंनी मान हलवली आणि पंप सुरू झाला. काटा चढला. चढत गेला, थरथरला, मी श्वास रोखून धरला, आणि तो एकदम निम्म्यावर आला. बत्तीस वर्षांत तो क्षण मी कितीदा पाहिला असेल. पण भोवती घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांमध्ये उभे राहून कधी पाहिला नव्हता. टँकर रिकामा झाला. दुपारी हातपंप परत बसवला. आधी तांबडे गढूळ पाणी आले, बराच वेळ तेच येत राहिले, मग हळूहळू निवळले.

पूर्वी त्या पंपावर दोन घागरी भरल्या की दांडा हलका लागे आणि तासभर थांबावे लागे. त्या संध्याकाळी आक्का कट्ट्यावर बसून मोजत होती. मी चहा घेऊन गेलो तेव्हा सतरावी घागर चालली होती. “बस हितं,” ती म्हणाली, “आन् आता सांग, सकाळी काय सांगत हुतास ते.”